जुन्या नावाच्या बंदूक कंपन्यांचा दर्जा खरंच घसरलाय, की आपल्यालाच जुनं ते सोनं वाटतं?

कोराडीकर

थेट मुद्द्यावर येतो. वेब्ली, विंचेस्टर, कोल्ट, रेमिंग्टन ही नावं आपल्या आजोबांच्या पिढीत ऐटीत घेतली जायची. त्यांपैकी एकीचाही माल आज त्या तोडीचा निघत नाही, असं माझं मत आहे.

विंचेस्टरचं उदाहरण घ्या. त्यांची मॉडेल ७० रायफल १९३६ पासूनची. १९६४ मध्ये खर्च वाचवायला तिची रचनाच बदलली. काडतुसाला मागून घट्ट धरणारा लांब पंजा गेला. दस्त्यावर हाताने कोरलेली जाळी गेली आणि तापलेल्या साच्याने दाबलेली नक्षी आली. मॉडेल ९४ मध्ये घडीव भागांच्या जागी पत्र्याचे ठोकीव भाग बसवले. अमेरिकेत जुन्या बाजारात आजही ‘चौसष्टच्या आधीची’ म्हटलं की भाव चढतो.

कोल्टचंही तसंच. १९८६ मध्ये कामगार संपावर गेले आणि संप चार वर्षं चालला. बदली कामगारांवर कारखाना रेटला, १९८८ मध्ये अमेरिकी लष्कराच्या एम-१६ रायफलीचं कंत्राट हातचं गेलं, १९९२ मध्ये दिवाळखोरी. २०१५ मध्ये पुन्हा दिवाळखोरी. २०२१ मध्ये शेवटी चेक कंपनीने विकत घेतली.

माझा प्रश्न असा, की शंभर-दीडशे वर्षं धंद्यात असलेल्यांना आपला माल बिघडतोय हे लक्षात येत नाही, की लक्षात येऊनही चालतं?

(परवानाधारक आहे, शिकार करत नाही. त्यावरून धाग्याचं वळण बिघडवू नये ही विनंती.)

तर्रीवाला

पयला नंबर! भाऊ, बंदुकीचं सोडा, आमच्या चौकातली तर्री बी चौसष्टच्या आधीची रायली नाई. रंग तेवढाच लाल, चव गेली.

जुनाट

कोराडीकर, वेब्लीचं तुम्ही फक्त नाव घेतलंत, पण खरी गंमत तिथेच आहे. वेब्ली अँड स्कॉटने काडतुसाच्या बंदुका बनवणं १९७९ मध्येच थांबवलं. पुढे एअरगनवर भागवलं, २००५ च्या अखेरीस बर्मिंगहॅमचा तो धंदाही बुडाला. नाव मात्र विकलं गेलं. मग त्या नावाच्या दुनळ्या तुर्कस्तानातून बनून यायला लागल्या. आता तेच नाव उत्तर प्रदेशात हरदोई जिल्ह्यात संडीला इथे आलंय, तिथे .३२ चं रिव्हॉल्व्हर बनतं.

ते रिव्हॉल्व्हर वाईट आहे असं मी म्हणत नाही, मी ते चालवलेलं नाही. पण कुणी ‘वेब्लीचा दर्जा घसरला’ म्हणालं की मी विचारतो, कुठली वेब्ली? १९३० ची, तुर्की की हरदोईची? घसरायला आधी तीच कंपनी असावी लागते.

सूक्ष्ममापी

हिंगणा एमआयडीसीत टूलरूम चालवतो, त्यामुळे या ‘जुने कारागीर, त्यांचा हात, त्यांची नजर’ छाप गप्पांचा मला थोडा कंटाळा आहे.

पहिली गोष्ट. आज आपल्या हातात येणारी जुनी बंदूक ही टिकलेली बंदूक असते. जी फुटली, वाकली, गंजली ती केव्हाच भंगारात गेली. टिकलेल्यांवरून सगळ्यांचा दर्जा ठरवायचा म्हणजे शंभरी गाठलेल्या आजोबांकडे बघून तेव्हा कुणी तरुणपणी मरतच नव्हतं म्हणण्यातला प्रकार.

दुसरी गोष्ट कारागिराच्या नजरेची. अमेरिकेच्या सरकारी स्प्रिंगफील्ड कारखान्याच्या १९०३ च्या रायफली बघा, ८,००,००० च्या खालच्या क्रमांकाच्या. त्यांचे रिसीव्हर (बोल्ट आणि नळी ज्यात बसतात तो मुख्य सांगाडा) भट्टीत तापवताना तापमान कळायचं ते तापलेल्या लोखंडाच्या रंगावरून, अनुभवी माणसाच्या डोळ्याने. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास काही रायफली गोळी झाडताना फुटल्या. तपासात निघालं, की उन्हाच्या दिवशी उजेडात तोच रंग फिका दिसतो, मग माणूस लोखंड आणखी तापवतो. ढगाळ दिवस आणि लख्ख ऊन यांत ३०० अंश फॅरनहाइटपर्यंत फरक पडत होता. पोलाद करपून ठिसूळ होत होतं. पायरोमीटर, म्हणजे भट्टीचं तापमान मोजणारं यंत्र, आल्यावर ते थांबलं. म्हणजे एका यंत्राने पन्नास उस्तादांची चूक दुरुस्त केली.

तिसरी गोष्ट. आज अमेरिकेत मिळणाऱ्या सगळ्यात स्वस्त बोल्ट रायफली, प्लास्टिकच्या दस्त्याच्या, दिसायला अगदी दरिद्री. पण नेम? खोक्यातून काढल्या काढल्या शंभर यार्डांवर इंचभराचा गट देतात, म्हणजे लागोपाठच्या गोळ्या इंचभराच्या आत लागतात. तुमच्या चौसष्टच्या आधीच्या कित्येक रायफलींना ते जमणार नाही. दर्जा म्हणजे चकाकी की नेम, ते आधी ठरवा.

कोराडीकर

@सूक्ष्ममापी, स्प्रिंगफील्डची गोष्ट जबरदस्त. पण मी म्हणतोय तो घसरलेला माल आहे सीएनसीच्या, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रांच्या काळातला. पायरोमीटर असूनही माल बिघडला, त्याचं काय?

फुटाळ्याचा वारा

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. मूळचा धरमपेठचा, आता कनेक्टिकटमध्ये. ही सगळी जुनी बंदूक-पंढरी माझ्या घरापासून गाडीने तासाभरात. विंचेस्टरचा न्यू हेवनचा कारखाना २००६ मध्ये बंद झाला.

सूक्ष्ममापी आणि कोराडीकर दोघांनाही कामाचं उदाहरण देतो, मार्लिन. १८७० ची कंपनी, लिव्हर रायफली बनवणारी. २००७ च्या अखेरीस रेमिंग्टनने ती घ्यायचं ठरवलं. तोवर रेमिंग्टन स्वतःच एका गुंतवणूक फंडाच्या ताब्यात गेली होती. नॉर्थ हेवनचा कारखाना बंद केला, यंत्रं उचलून न्यूयॉर्क राज्यात इलियनला नेली, माणसं घरी पाठवली. आणि मग कळलं, की आराखडे आणि प्रत्यक्ष बनणारी रायफल यांचा मेळच नाही. यंत्रं जुनी, झिजलेली. इतकी वर्षं कामगार या यंत्रावर एवढं कमी घ्यायचं, त्या भागाला दोन हात कानस मारायची, असं करत माल बरोबर काढत होते. त्यातलं कागदावर काहीच उतरलेलं नव्हतं. नव्या जागी त्याच यंत्रांवर, त्याच आराखड्यांवरून निघालेल्या रायफलींच्या साइट तिरक्या, लाकूड आणि लोखंडाच्या मध्ये फट. इथले लोक त्या वर्षांच्या मालाला ‘रेमलिन’ म्हणून हिणवतात.

पुढचा भाग महत्त्वाचा. २०२० मध्ये रेमिंग्टन पुन्हा दिवाळखोरीत गेली तेव्हा रुगर कंपनीने मार्लिन विकत घेतली. त्यांनी घाई केली नाही. उत्पादन स्वतःच्या नॉर्थ कॅरोलिनाच्या कारखान्यात नव्या यंत्रांवर बसवलं, २०२१ च्या डिसेंबरात पहिल्या रायफली बाहेर काढल्या. गिऱ्हाईक खूश. म्हणजे आधुनिक यंत्रांनी दर्जा परत आणता येतो, सूक्ष्ममापींचा मुद्दा खरा. पण माणसं हाकलून नुसती यंत्रं उचलली तर दर्जा जातो, हेही तितकंच खरं.

आणि १८१६ ची रेमिंग्टन? इलियनचा कारखाना २०२४ मध्ये कायमचा बंद झाला. अख्खं गाव त्यावर उभं होतं.

पुणेरी वामकुक्षी

नागपुरात बंदूक कशाला लागते म्हणे? मे महिन्यात माणसाला नुसतं एक ते चार रस्त्यावर उभं केलं की काम होतं.

तर्रीवाला

@पुणेरी वामकुक्षी, एक ते चार तुमी झोपलेलेच असता, तुमाले काय समजनार ऊन?

रोहीग्रस्त

काटोल तालुक्यात शेती हाय. शेतीसंरक्षनाचा परवाना आजोबाच्या टायमापासून. मोठमोठ्या कंपन्यांचं तुमी बोलून रायले, आमचं लहानच सांगतो.

घरी दोन बंदुका होत्या. एक ठासनीची, ते कोनं बनवली त्याचा पत्ताच नाई. दुसरी बारा बोअरची दुनळी, इंग्रजी, आजोबानं घेतलेली. मांगं मी एक नवीन एकनळी घेतली, नामांकित कारखान्याची, नाव घेत नाई. चाप इतका कडक का ओढता ओढता नळी दोन बोटं हलते. काडतूस उडवलं का रिकामं टरफल आतच चिकटते, मंग काडीनं ठोसून काढा. दुकानदाराले विचारलं तर म्हने, वापरून वापरून मोकळी होईल. अन् आजोबाची इंग्रजी दुनळी अजून कुलपासारखी खटकन बंद होते.

आता रोही (नीलगाय) अन् डुकरं काई बंदुकीले भेत नाई, आवाजाले भेतात. डुकराले हात लावाचा तर वनखात्याची परवानगी लागते. म्हनून मले नेमाचं घेनंदेनं नाई. पन पैसे मोजले तर टरफल तरी बाहेर याव का नाई?

अन् एक राहिलं. निवडनूक लागली का बंदूक ठान्यात जमा. लोकसभा, विधानसभा, झेडपी. वापस भेटते तेवा नळीत गंज. कोनतं ठानं ते इचारू नका.

नेमबाजाची आई

हा धागा उघडताना वाटलं होतं आपल्याला यात काय कळणार. पण मुलगी दहा मीटर एअर रायफल खेळते, त्यामुळे दोन गोष्टी सांगू शकते.

आमच्या लहानपणी ज्याच्याकडे ‘डायना’ एअरगन असेल तो गल्लीचा राजा असायचा. ती जर्मन कंपनी १८९० ची. २०१४ मध्ये जुन्या मालकांनी विकली. आणखी एक जर्मन कंपनी वायराउख, १८९९ पासूनची, अजून घराण्याकडेच आहे. इटलीची बेरेटा तर १५२६ पासून एकाच कुटुंबात. म्हणजे जुनी कंपनी बिघडतेच असा काही नियम नाही.

दुसरं. मुलीच्या लक्ष्यावर दहा गुणांचा ठिपका फक्त अर्धा मिलिमीटरचा असतो. रायफल किंवा छर्रा किंचित कमी पडला तर तो आकडा त्याच दिवशी स्क्रीनवर दिसतो. मोठे खेळाडू छर्ऱ्यांचा लॉटसुद्धा रायफल शिकंज्यात बसवून तपासून घेतात. अशा गिऱ्हाइकाला फसवणं अवघड. स्पर्धेच्या रायफली बनवणाऱ्यांचा दर्जा टिकून आहे याचं कारण मला तरी हेच वाटतं. रोहीग्रस्त भाऊंसारखं गिऱ्हाईक बिचारं टरफल काडीने ठोसत बसतं, आणि त्यांची काडी कुठल्याच अहवालात येत नाही.

इतवारी

ताईंनी मूळ दुखण्यावर बोट ठेवलंय. अमेरिकेतल्या कंपन्या बिघडल्या त्या हिशोबनिसांमुळे असतील. आपल्याकडचं कारण वेगळं आहे, गिऱ्हाइकाला दुसरीकडे जायची सोयच नव्हती.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यात सामान्य नागरिकासाठी बंदुकांची आयात बंद झाली. रिव्हॉल्व्हर, पिस्तूल, रायफल म्हटलं की सरकारी कारखाना. बाराबोअरमध्ये मुंगेर वगैरेकडचे खाजगी कारखानदार, तेही ठरावीक कोट्यात. परिणाम काय? पन्नास-साठ वर्षं जुनी विलायती पिस्तुलं आपल्याकडे सोन्याच्या भावाने हस्तांतरित होत राहिली. आणि सरकारी .३२ रिव्हॉल्व्हरची मुळं जुन्या वेब्ली मार्क ४ च्या आराखड्यात. २०१४ मध्ये ‘निर्भीक’ काढलं, टायटॅनियमचं, महिलांसाठी म्हणून. किंमत सव्वा लाखाच्या घरात! ज्या बाईला खरंच गरज आहे तिच्याकडे सव्वा लाख कुठून येणार, हे कुणालाच सुचलं नाही. बाजूला उघडणाऱ्या सिलिंडरचं रिव्हॉल्व्हर, ‘प्रबल’, यायला २०२३ उजाडलं. स्मिथ अँड वेसन तशी रिव्हॉल्व्हरं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून विकतेय.

स्पर्धा नाही तिथे दर्जा नाही. एवढं सोपं आहे हे.

निर्माणीचा पोरगा

@इतवारी, एवढं सोपं नाहीये. वडील आयुध निर्माणीत होते, मी क्वार्टरमध्ये वाढलो, १८ मार्चला निर्माणी दिवसाचं प्रदर्शन बघत मोठा झालो. शिव्या द्यायला सगळ्यांना सरकारी कारखाना सापडतो.

इशापूरचा कारखाना १९०४ चा. त्याने साठच्या दशकात जुन्या थ्री-नॉट-थ्रीच्या धाटणीवर ७.६२ ची टू-ए-वन रायफल काढली. ती आज परदेशातले शौकीन शोधून शोधून घेतात. आपल्या पोलिसांनी थ्री-नॉट-थ्री किती दशकं वापरली? उत्तर प्रदेश पोलिसांनी तिला अधिकृत निरोप दिला २०२० च्या प्रजासत्ताक दिनाला. एवढी वर्षं टिकली ती कुणाच्या हातची होती? तेव्हाही स्पर्धा नव्हतीच की. मग मक्तेदारीत चांगला माल निघाला कसा?

बाकी, नागपूरकरांनी तरी जरा अभिमान बाळगावा. अंबाझरी आपली, शेजारी जवाहरनगर, भद्रावती. २०२१ मध्ये ४१ निर्माण्यांच्या सात कंपन्या केल्या, त्यातल्या यंत्र इंडियाचं मुख्यालय नागपुरात आहे.

इतवारी

अभिमान आहेच. पण अंबाझरीत बंदुका बनत नाहीत भाऊ, तिथे तोफगोळ्यांची आणि रॉकेटची कवचं बनतात. बंदुकांचे कारखाने कानपूरच्या कंपनीकडे गेले.

आणि आपल्या सैन्याच्या सरकारी इन्सास रायफलीचं काय? कारगिलच्या थंडीत तिची प्लास्टिकची मॅगझिन तडकत होती. २००५ मध्ये नेपाळच्या सैन्याने माओवाद्यांशी झालेल्या चकमकीनंतर उघड तक्रार केली. लष्कराच्या अंतर्गत अहवालातला आकडा २०२० मध्ये वर्तमानपत्रांत आला होता, २०१४ पासून सदोष दारूगोळ्यापायी ९६० कोटींचं नुकसान.

निर्माणीचा पोरगा

तो आकडा निर्माणी मंडळाने तेव्हाच नाकारला होता, तेही वर्तमानपत्रांतच आलं होतं. दारूगोळा फुटला की चूक बनवण्यातली, साठवण्यातली की वापरण्यातली, यावर दोन्ही बाजूंचं भांडण जुनं आहे. धनुष तोफेचं प्रकरण आठवा. ‘मेड इन जर्मनी’ म्हणून चिनी बेअरिंग पुरवली, २०१७ मध्ये सीबीआयने गुन्हा नोंदवला. पुरवठादार खाजगीच होता ना? तुमची स्पर्धा म्हणजे शेवटी सगळ्यात कमी दराची निविदाच.

तर्रीवाला

आता खरा रंगला धागा. मी पोहे घेऊन येतो.

संपादक मंडळ

वैयक्तिक रोख नको. तसंच खरेदी-विक्री, परवाना मिळवून देणारे ‘ओळखीचे लोक’ यांबद्दलचे दोन प्रतिसाद उडवले आहेत. पुन्हा आल्यास धागा वाचनमात्र होईल.

गो_नोगो

बरेच दिवस नुसता वाचतो आहे. आज लिहितो. निवृत्त तपासनीस आहे. कुठला कारखाना ते सांगणार नाही. पेन्शन सुखाने चालू आहे, ती तशीच राहू द्यावी.

इतवारी आणि निर्माणीचा पोरगा दोघेही मालकाबद्दल भांडताहेत. मालक सरकारी असो की फंडवाला, दर्जा जातो तो तपासणीच्या टेबलावर. तिथे काय होतं ते सांगतो.

प्रत्येक मापाला दोन गेज. ‘गो’ गेलंच पाहिजे, ‘नो-गो’ जाता कामा नये. रायफलीत काडतूस बसतं त्या जागेचं गेज घालून बोल्ट बंद करायचा. गो-गेजवर बंद झाला पाहिजे, नो-गोवर होता कामा नये. यात मत नावाची गोष्ट नाही. पास किंवा नापास.

आता एखाद्या लॉटमध्ये काही नग केसभर बाहेर जातात. टाकून द्यावेत तर आकडा भरत नाही. मग वर कागद जातो, कन्सेशन मागितलं जातं. ‘वापरास बाधा येत नाही, या लॉटपुरते स्वीकारावे.’ महिना बहुधा मार्च असतो. सही होते. आणि खरं सांगायचं तर त्या लॉटला खरोखरच काही होत नाही, कारण आराखडा काढणाऱ्याने मूळ मापात थोडी जागा ठेवलेली असते. पुढच्या वर्षी तेच माप पुन्हा बाहेर जातं, तेव्हा मागच्या सहीचा दाखला जोडतात. काही वर्षांनी नवीन पोरगा येतो, त्याला वाटतं मापच ते आहे. त्याला कुणी खोटं सांगितलेलं नसतं. फाइलमध्ये सगळं रीतसर असतं.

गेजही घासतं, हे लोक विसरतात. भोकात घालायचं गो-गेज वापरून वापरून बारीक झालं की तोकडं भोकही पास होतं. म्हणून गेज तपासायचं वेळापत्रक असतं. खर्चाला कात्री लागली की सगळ्यात आधी ते पुढे ढकलतात, कारण त्याने त्या दिवशीचं उत्पादन एका नगानेही कमी होत नाही.

कोराडीकर, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो. लक्षात येतं. टेबलावरच्या माणसाच्या पहिल्याच दिवशी लक्षात येतं. त्याच्या ‘नाही’नंतर माल अडतो की नुसता कागद फिरतो, एवढाच फरक आहे. आमच्या वेळी एक साहेब होते, लॉट नापास केला की स्वतः खाली येऊन तपासत आणि नापास निघाला की नापासच ठेवत. ते असेपर्यंत कन्सेशनची फाइल बारीक होती. ते गेले, फाइल जाड झाली. कामगार तेच, यंत्रं तीच.

सूक्ष्ममापी

@गो_नोगो, काका, दंडवत. माझ्या टूलरूममध्ये गेज तपासणीची तारीख उलटून गेलेली आहे का, ते उद्या सकाळी पहिल्यांदा बघतो.

तुमच्या म्हणण्याला रेमिंग्टनची जोड देतो. मॉडेल ७०० च्या चापाबद्दल किती दशकं तक्रारी होत्या, चापाला बोट न लावता गोळी सुटते म्हणून. ज्या इंजिनिअरने तो चाप बनवला त्याने स्वतःच १९४८ मध्ये, आधीच्या मॉडेलच्या वेळी, जास्त सुरक्षित रचना सुचवली होती. खर्च प्रत्येक रायफलीमागे साधारण साडेपाच सेंट. ती घेतली गेली नाही. कंपनीने दोष कधी मान्य केला नाही, पण शेवटी चाप बदलून देण्याचा सामूहिक तडजोडनामा करावा लागला. म्हणजे ज्या ‘सोन्याच्या’ काळाबद्दल कोराडीकर बोलताहेत, त्या काळातही टेबलावरच्या माणसाचा कागद नुसता फिरतच होता.

जुनाट

तसं असेल तर ब्राउनिंगही घ्या. साठच्या दशकाच्या शेवटी अक्रोडाचं लाकूड लवकर वाळावं म्हणून ते मिठात वाळवलं. बंदुका देखण्या, बेल्जियमच्या उत्तम कारागिरांच्या हातच्या. पण दस्त्यातल्या मिठाने ओलावा धरला आणि लाकडाखालचं लोखंड गंजायला लागलं. बाहेरून काहीच दिसत नाही, स्क्रू काढून दस्ता वेगळा केला की कळतं. आजही त्या वर्षांची ब्राउनिंग घेणारा आधी दस्ता उतरवायला सांगतो.

कोराडीकर

गो_नोगो काका, या प्रतिसादासाठी धागा काढल्याचं सार्थक झालं. पण मग गिऱ्हाइकाने करायचं काय? आपण काही टेबलावर बसलेलो नाही.

गो_नोगो

विकत घेताना दुकानातच उघडझाप करून बघा. डमी काडतूस मागा, बाहेर फेकलं जातं का पाहा. नळीतून उजेडाकडे बघा. आवडलं नाही तर घेऊ नका. आणि घेतल्यावर बिघाड निघाला तर दुकानदाराला तोंडी सांगू नका, कारखान्याला क्रमांकासह लेखी कळवा. लेखी तक्रारीला जावक क्रमांकाचं उत्तर द्यावं लागतं. तोंडी तक्रार ‘वापरून मोकळी होईल’ इथे संपते.

रोहीग्रस्त

लिहितो काका. मराठीत लिहिलं तर चालते का?

गो_नोगो

चालतं. क्रमांक तेवढा बरोबर लिहा.

जुनाट

@रोहीग्रस्त, आजोबांच्या इंग्रजी दुनळीबद्दल एक सांगायचं राहिलं, आणि हे गंभीर आहे. जुन्या इंग्रजी बाराबोअरची चेंबर, म्हणजे काडतूस बसायची जागा, बहुधा अडीच इंचाची, म्हणजे ६५ मिलिमीटरची असते. आताची बहुतेक काडतुसं ७० मिलिमीटरची. ती आत जातात, बंदूक बंदही होते, म्हणून कळत नाही. पण उडाल्यावर काडतुसाचं दुमडलेलं तोंड उघडायला पुढे जागा कमी पडते आणि दाब वाढतो. नळीच्या खालच्या सपाट भागावर प्रूफचे, म्हणजे दाबाची चाचणी झाल्याचे शिक्के असतात, त्यात चेंबरची लांबी कोरलेली असते का बघा. आणि नळीवर लाटांसारखी वळणदार नक्षी दिसत असेल तर ती डमास्कस नळी, तिच्यात आताच्या बिनधुराच्या दारूची काडतुसं घालूच नका, भिंतीवर टांगा. जाणत्या मिस्त्रीला दाखवल्याशिवाय उडवू नका.

रोहीग्रस्त

नक्षी नाई, साधी काळी नळी हाय. शिक्के उद्या पायतो. दस्त्याले मात्र उन्हाळ्यात फट पडते, स्क्रू ढिले होते. त्याले काय लावाव?

जुनाट

जवसाचं तेल. विलायतेतले मिस्त्रीही दस्त्याला तेच लावत आलेत, आणि आपल्याकडे तर जवस शेतातच आहे. पण घाण्यावरचं कच्चं तेल नको, ते लवकर वाळत नाही, दस्ता कितीतरी दिवस चिकट राहतो. रंगाच्या दुकानात उकळलेलं जवस तेल मिळतं, ते घ्या. आधी जुना मळ काढा, मग तळहाताने अगदी पातळ थर चोळा, राहिलेलं पुसा, पूर्ण वाळू द्या, मग पुढचा थर. एकदम ओतू नका. फट मोठी असेल तर तेलाने भरणार नाही, तिथे मिस्त्रीच लागेल.

तर्रीवाला

म्हंजे आजोबाची बंदूक बी आता जवस खानार. संगं भाकर द्या.

सूक्ष्ममापी

हसण्यावारी नेऊ नका, तेलाचं फडकं चुरगाळून कोपऱ्यात टाकलं तर ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं. जवस तेलाचा तो गुणच आहे, आणि नागपूरचा मे म्हणजे विचारूच नका. फडकं अंगणात पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून मग फेका. बंदूक, काडतुसं आणि ते फडकं एका कपाटात तर अजिबात नको.